कोकणचा कातळसडा: लाव्हा, पाणी, कातळशिल्पं आणि किल्ले – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-राजापूरकडे येणारे बहुतेक पाहुणे समुद्र बघतात, देवदर्शन करतात, मासे खातात आणि परततात. या सगळ्याच्या मधे जो उघडाबोडका तांबूस-काळा कातळ पसरलेला असतो, त्यावरून त्यांची गाडी नुसती धावत जाते. आम्ही त्याला सडा म्हणतो. तो मुद्दाम उतरून बघावा, म्हणून हे पान. लोक नेहमी जे विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत.

कोकणात ज्वालामुखीचं सरोवर आहे का?

नाही. ज्वालामुखीच्या तोंडात पाणी साठून झालेलं सरोवर कोकणात नाही आणि उर्वरित महाराष्ट्रातही नाही. लोक लोणारचं नाव घेतात, पण बुलढाणा जिल्ह्यातलं ते सरोवर उल्कापातानं झालेलं आहे. उल्का ज्या खडकावर आदळली तो मात्र ज्वालामुखीचा, म्हणून ही गल्लत होते. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव तर माणसांनी बांधलेला आहे. त्याच्याविषयी पुढे लिहिलंय.

आपल्याकडे ज्वालामुखीचं तोंड दिसत नाही, कारण इथला लाव्हा शंकूसारख्या डोंगरातून उसळला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो थरांवर थर पसरत गेला. ही सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. सह्याद्रीच्या कड्यांत पायऱ्यांसारखे दिसणारे आडवे पट्टे म्हणजे तेच थर. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर प्रदेश या खडकाखाली आहे. सरोवर नसलं तरी बराचसा कोकण त्या लाव्ह्यावर वसलाय, आणि सड्यावर पावसाळ्यात शेकडो छोटी तळी भरतात. ज्वालामुखीच्या खडकावरचं पाणी बघायचं असेल तर ते इथेच.

लाव्ह्याचा दगड काळा असतो ना? मग सडा तांबडा कसा?

मूळ दगड काळाच, बेसॉल्ट. उष्ण, दमट हवा आणि धो धो पाऊस यांत तो लाखो वर्षं झिजत राहिला. पाण्याबरोबर त्यातली सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्यं निघून गेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागे उरलं. लोह गंजलं आणि दगड तांबडा झाला. हाच जांभा. वरच्या उघड्या पृष्ठभागावर शेवाळ-बुरशी चढते, ऊन-पाऊस लागतो, म्हणून तो वरून काळपट दिसतो. चिरेखाणीत ताजा काप बघितला की खरा रंग कळतो.

जांभा जमिनीतून काढताना बऱ्यापैकी मऊ असतो आणि हवा लागली की टणक होत जातो. म्हणूनच त्याचे चिरे कापता येतात आणि त्याच चिऱ्यांची घरं पिढ्यान् पिढ्या उभी राहतात. आमच्या घरांच्या भिंती, विहिरींची बांधणी, देवळांची जोती, बागांभोवतीचे गडगे हे सगळं या एका दगडाचं आहे.

एक लक्षात घ्या, हा लाव्हा दक्षिणेला कायम चालत राहत नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडे जाता जाता तो संपतो आणि त्याच्याहून कितीतरी जुने खडक वर येतात. जांभा मात्र तिथेही भेटतो, कारण जुन्या खडकांवरही त्याच पावसानं तेच काम केलं.

सड्यावर मातीच नाही, तर एवढा पाऊस जातो कुठे?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो फार कमी लोक विचारतात.

रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातला बराचसा उतारावरून पऱ्ह्यांना (ओढ्या-ओहोळांना) मिळतो आणि खाडीत जातो. पण जांभा दगड भोकाभोकांचा असतो, त्यात भेगाही असतात. काही पाणी त्यातून खाली मुरतं. जांभ्याच्या खाली चिकण मातीचा थर असतो, तो पाण्याला पुढे जाऊ देत नाही. मग ते पाणी त्या थरावरून आडवं सरकत सड्याच्या कडेला येतं आणि झरा होऊन बाहेर पडतं. कोकणातली किती गावं सड्याच्या माथ्यावर नसून पायथ्याशी आहेत, ते बघा. वाड्या, पोफळीच्या बागा, देवराया, देवळासमोरची तळी हे सगळं या झऱ्यांच्या आधारानं आहे.

म्हणून सडा खरवडला, त्यात खोल खाण घातली किंवा त्यावर भराव टाकला की त्याचा परिणाम खालच्या वाडीच्या विहिरीत दिसतो. सात-बाऱ्यावर या जमिनीपुढे 'पोटखराबा' लिहिलेलं असतं. गावाच्या पाण्याची टाकी असलेल्या जमिनीला खराबा म्हणायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

धामापूरच्या तलावाचं एवढं काय?

तो 1530 मध्ये गावकऱ्यांनी बांध घालून केलेला तलाव आहे. विजयनगरच्या अमलातला, नागेश देसाई यांच्या नावाशी जोडलेला. काठाला भगवती देवीचं देऊळ, भोवती गर्द झाडी. जवळपास 5 शतकं तो आजूबाजूची शेती-बागायत भिजवतोय. 2020 मध्ये सिंचन क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय आयोगानं त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता दिली. लग्नकार्याला देवीपुढे फुलांचे दागिने परडीत घालून तलावात सोडले की सोन्याचे मिळत, अशी आख्यायिका तिथले लोक सांगतात. काठावर तासभर शांत बसावं, पाण्यात साबण-शाम्पू नेऊ नये.

यायचं केव्हा?

तळी आणि फुलं बघायची असतील तर जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली चित्रं, नीट बघायची असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात बऱ्याच चित्रांच्या खाचांत पाणी, माती आणि गवत असतं, ती ओळखूही येत नाहीत. ऑक्टोबरात उंच पिवळं गवत उभं असतं. दिसायला सुंदर, पण पाय कुठे पडतोय ते कळत नाही.

दिवसातली वेळही सांभाळा. दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो, खाचेला सावली पडत नाही आणि चित्र कातळात विरून जातं. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर तिरप्या उन्हात तीच रेघ उठून दिसते. फोटोसाठी येणाऱ्यांनी एवढं एक पाळलं तरी पुरे.

सड्यावर फुलं कोणती बघायला मिळतात?

कासच्या पठाराचं नाव सगळ्यांना माहीत असतं, आमच्या सड्यांचं नाही. पहिल्या पावसानंतर दिपकाडी फुलते. ही पांढऱ्या फुलांची कंदवर्गी वनस्पती कोकण-गोव्याच्या जांभ्या कातळावरच वाढते, जगात दुसरीकडे नाही. बोटभर मातीत तिचा कंद वर्षभर दडून असतो आणि जूनमध्ये काही दिवस फुलं डोलतात.

पुढे कातळ ओला झाला की पांढऱ्या गोंड्यांचे गेंद, निळी-जांभळी सीतेची आसवं, पिवळा कवला, गुलाबी तेरडा अशी एकामागून एक पाळी लागते. सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती किडे खातात. कातळावरच्या त्या पातळ मातीत नत्र फारच कमी, ते या वनस्पती किड्यांतून मिळवतात. दवबिंदूच्या पानांवर चिकट थेंब असतात, तर सीतेच्या आसवांचे बारीक फुगे पाण्याखाली असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. गुडघे टेकून, जमिनीला नाक लावून बघितलं तरच हा प्रकार दिसतो. उभ्यानं बघणाऱ्याला फक्त निळा पट्टा दिसेल.

उपटू नका, तुडवू नका, आणि रील काढण्यासाठी फुलांत लोळू तर अजिबात नका. हे वाक्य लिहावं लागतं याचं वाईट वाटतं.

कातळशिल्पं म्हणजे नेमकं काय? ती किती जुनी आहेत?

सड्याच्या आडव्या पृष्ठभागावर कोरलेली चित्रं. भिंतीवरची नाहीत, जमिनीवरची. काही नुसत्या खोदरेघांची, काहींत आकाराच्या आतला किंवा बाहेरचा भाग खरवडून चित्र उठवलेलं. माणसं, हत्ती, वाघ, डुक्कर, हरणं, मोर, मासे, कासव, पाकट, आणि काही चौकोनी भौमितिक रचना ज्यांचा अर्थ अजून कुणाला लागलेला नाही. आजवर हजाराहून अधिक आकृत्यांची नोंद झाली आहे आणि शोध चालूच आहे.

वयाचं म्हणाल तर कातळावरच्या खाचेचं वय थेट मोजणं फार अवघड, त्यामुळे तारखेवर अभ्यासकांत एकमत नाही. बऱ्याच पुरातत्त्वज्ञांचा अंदाज दहा-बारा हजार वर्षांच्या आसपासचा, म्हणजे मध्याश्मयुगाचा आहे. त्यामागचं तर्कशास्त्र समजून घेण्यासारखं आहे. चित्रांत शिकारीचे प्राणी आहेत, जलचर आहेत, पण शेतीची खूण नाही. शिवाय गेंडा आणि पाणघोडा वाटावेत असे प्राणी आहेत, जे आज कोकणात नाहीत. ज्यानं ते कोरले त्यानं एकतर ते इथे पाहिले होते किंवा पाहिलेल्यांकडून ऐकले होते.

गुराख्यांना ही चित्रं कायम माहीत होती. कुणी त्यांना पांडवांची म्हणत, कुणी देवाची. काही ठिकाणी आजही नारळ ठेवतात. पण गावोगाव फिरून, कातळ पायी तुडवून त्यांची पद्धतशीर नोंद झाली ती गेल्या दोन दशकांत. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकुरदेसाई यांनी या कामाला वाहून घेतलं, राज्याच्या पुरातत्त्व विभागानं पुढे दस्तऐवजीकरण केलं. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत आली. त्यात 9 ठिकाणं आहेत: रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी, आणि गोव्यात कुशावती नदीच्या काठचं फणसमाळ.

वेळ कमी आहे. कुठली आधी बघू?

एकच बघायचं तर कशेळी. तिथला हत्ती अंदाजे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद आहे आणि त्याच्या पोटात सत्तरहून अधिक लहान आकृत्या आहेत: प्राणी, पक्षी, मासे. पायाशी उभं राहून तो हत्ती आहे हे कळतच नाही, भोवती चालत जावं लागतं. ज्यानं तो कोरला त्याच्याकडे वरून बघायची सोय नव्हती, तरी त्याची प्रमाणं चुकलेली नाहीत. कितीही वेळा गेलं तरी मला याचं नवल वाटतं.

कशेळीला गेलात की कनकादित्याचं देऊळही करा. कोकणातल्या मोजक्या सूर्यमंदिरांपैकी हे एक. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके 1113चा, म्हणजे 1191 सालचा ताम्रपट या गावाशी निगडित आहे. म्हणजे ज्या गावात अक्षरं नसलेल्या काळातला हत्ती आहे, तिथेच 800 वर्षांपूर्वीचा लेखी दस्तऐवजही आहे.

दुसरं उक्षी. इथेही हत्ती आहे, एकटा आणि ठसठशीत. गावकऱ्यांच्या पुढाकारानं त्याच्याभोवती चिऱ्यांचा कठडा झाला आणि बाकीच्या गावांना वाट दिसली. कोकण रेल्वेचं स्टेशन याच गावाच्या नावाचं आहे. जांभरुणला एकाच ठिकाणी पन्नासेक आकृत्यांचा मेळा आहे, तिथे वेळ काढून जा. बारसूला दोन बाजूंना दोन पशू आणि मधे माणूस अशी मोठी रचना आहे. देवीहसोळला आर्यादुर्गा देवीच्या देवळाजवळ चौकोनी नक्षी आहे आणि देवीच्या उत्सवात त्या जागेला आजही मान आहे.

रत्नागिरी, पावस, पूर्णगड, कशेळी, आडिवरे, देवीहसोळ हा एका दिवसाचा सुटसुटीत मार्ग. त्यात आणखी काही कोंबू नका.

देवाचे गोठणे इथे होकायंत्र फिरतं, हे खरं?

हो, तिथल्या कातळशिल्पाजवळ चुंबकीय विचलन असल्याची नोंद आहे. सुई भरकटते. जांभ्यात लोह भरपूर असतं हे लक्षात घेतलं तर भुताखेताची गरज उरत नाही. तिथली एकटी मानवाकृती मात्र होकायंत्राशिवायही बघण्यासारखी आहे.

चित्र नीट दिसत नाही. पाणी ओतलं किंवा खडूनं रेघ काढली तर?

नाही. खडू, रांगोळी, चुना, रंग यांतलं काहीही नको. ते भोकांत शिरतं आणि निघत नाही. पुढे अभ्यास करणाऱ्याला मूळ खाच कुठली आणि तुमची कुठली हे कळत नाही. काठीनं माती उकरू नका, चपला घालून आकृतीवर उभे राहू नका, सड्यावर गाडी घालू नका. हजारो वर्षं पाऊस सोसलेली रेघ एका टायरखाली तुटते. शाळेच्या सहली येतात तेव्हा बाईंनी-सरांनी मुलांना आधी कडेनं उभं करावं आणि मग चित्र सांगावं. मुलं ऐकतात, मोठेच जास्त घाई करतात.

उन्हाळ्यांचं, म्हणजे गरम झऱ्यांचं पाणी ज्वालामुखीमुळे येतं का?

नाही, तो ज्वालामुखी कधीच थंड झाला. पालघर-ठाण्यापासून राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याला गरम झऱ्यांची जणू रांगच आहे: वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी, उन्हाळे. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. उन्हवऱ्याला पाणी 70 अंशांच्या आसपास असतं. त्यामुळे आधी हात लावून बघा, लहान मुलाला थेट उतरवू नका.

राजापूरजवळ उन्हाळे इथेच गंगातीर्थ आहे. 14 कुंडं, एरवी कोरडी. साधारण तीनेक वर्षांनी अचानक पाणी येतं आणि काही आठवड्यांनी जातं, तेही नेमानं नाही. 'गंगा आली' ही बातमी वाऱ्यासारखी पसरते आणि माणसं स्नानाला निघतात. जमिनीतल्या पोकळीत पाणी ठरावीक पातळीपर्यंत भरलं की वक्रनलिकेसारखं एकदम बाहेर पडत असावं, असा खुलासा केला जातो. श्रद्धेनं जाणारे आणि कुतूहलानं जाणारे, दोघांनाही तिथे जागा आहे.

किल्ले याच दगडाचे आहेत?

बरेच. विजयदुर्गाची तिहेरी तटबंदी जांभ्याचीच. जवळ जाऊन बघा, खारा वारा लागून चिऱ्यांना भोकं पडलीत, पण तट उभा आहे. सिंधुदुर्ग मात्र मालवणच्या कुरटे बेटावर, वेगळ्या खडकावर आहे. 25 नोव्हेंबर 1664 रोजी त्याची पायाभरणी झाली. चहूबाजूंनी समुद्र असूनही आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. कोकणात किल्ला बांधणारा माणूस आधी पाणी बघत होता, मग तट.

काळ्या दगडातलं कोरीव काम बघायचं तर दापोली तालुक्यातली पन्हाळेकाजीची 29 लेणी बघा. कोटजाई आणि धाकटी नदीच्या परिसरात ती शांत, झाडीत लपलेली आहेत. त्यासाठी वेगळा अर्धा दिवस ठेवा.

सड्यावर फिरताना धोका कशाचा?

दोन गोष्टींचा. पहिला फुरसं. हा छोटा, मातकट रंगाचा विषारी साप रत्नागिरीच्या कातळावर भरपूर आहे, दगडाखाली आणि गवतात असतो. दगड उलटू नका, घोट्यावर बूट घाला, संध्याकाळी बॅटरी जवळ ठेवा. चावलं तर आवळून बांधणं, चिरा देणं, मंत्र-तंत्र यांत वेळ न घालवता माणसाला चालायला न लावता जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. आपल्याकडच्या प्रतिसर्पविषात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचा उतारा असतो.

दुसरी वीज. मेअखेर आणि ऑक्टोबरात दुपारनंतर ढग गडगडायला लागले की सडा सोडा. तिथे तुम्हीच सगळ्यात उंच असता. एकट्या झाडाखालीही थांबू नका.

बाकी टोपी, पाणी आणि वाडीतला एखादा माणूस सोबत. मार्च ते ऑगस्ट टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर जवळपास तिची अंडी आहेत असं समजा. ती उघड्या जमिनीवरच असतात, खड्यांसारखी दिसतात. मागे फिरा.

हा सगळा भाग राष्ट्रीय उद्यान का नाही?

कारण तो सलग सरकारी जंगल नाही. बहुतेक सडा खासगी मालकीचा आहे, एकेका सात-बाऱ्यावर डझनभर खातेदार, त्यातले निम्मे मुंबईत. कोकणात संरक्षित जागा आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, सह्याद्रीच्या माथ्यावर चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान आहे. मधला सडा मात्र कुणाच्याच खात्यात नाही.

चिरेखाणी, सुरुंग लावून कातळात घेतलेले आंब्याचे खड्डे, नवे रस्ते, वणवे या सगळ्यांत तो आक्रसतोय. 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा गावकऱ्यांनी मोठं आंदोलन केलं आणि कातळशिल्पांचं नाव देशभर पोचलं. पण चिरेखाणीवर आणि हापूसवर इथल्या माणसांची चूल पेटते, हेही तितकंच खरं. सडा राखा म्हणणाऱ्यानं त्या माणसाला राखणीतून काय मिळणार, तेही सांगितलं पाहिजे. पाहुणे वाडीत जेवले, वाटाड्याला मोबदला मिळाला, तर चित्राची जागा ठेवून खाण पलीकडे सरकवायला मालक तयार होऊ शकतो. म्हणून डबा घरून आणू नका. वाडीत आदल्या दिवशी सांगितलंत तर काकू पानावर गरम भात, कुळथाचं पिठलं आणि सोलकढी वाढतील.

फिरताना नवीन चित्र दिसलं तर काय करू?

आधी तिथेच थांबा आणि उकरू नका. मोबाईलमध्ये जागेचा ठिकाणा जपून ठेवा. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून वरून आणि चारही बाजूंनी फोटो काढा, म्हणजे आकार कळेल. जमीनमालक कोण, ते वाडीत विचारा. माहिती ग्रामपंचायतीला आणि पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला द्या. नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. राखणीची व्यवस्था होण्याआधी गर्दी पोचली तर चित्र टिकत नाही. गावाला काय सापडलंय ते आधी गावानं बघू दे.